कळंगुटचे दिवस, दिवेलागणीच्या आत

११ नोव्हें. ८८, शुक्र., भाऊबीज
ओवाळणं झालं, दादा परत गेला. हे खाटेवर पडून छताकडे बघत होते. एकदम म्हणाले, "गोवाले जाऊत का?" मला थट्टाच वाटली. लग्न झाल्यापासून मी समुद्र समुद्र करते आणि हे म्हणतात, मी ट्रकमधून इतका देश पाहिला, आता घरी आलो की पाय लांब करू दे. धुळ्याकडचा माणूस, मनातलं बोलायचं की भाषा लगेच घरची येते. "तुले समिंदर दखाना शे ना? मंग चाल."
ट्रक बॉडीच्या कामाला गॅरेजात. सावद्याला शेठच्या केळीचं भरणंही तोवर बंद. सलीमभाई, ह्यांचे जोडीदार ड्रायव्हर, दिवाळीच्या आधीच काम सोडून धुळ्याला भावाच्या दुकानात बसायला गेले. म्हणजे हे मोकळे. माझ्या शाळेला सुट्टी आहेच. सगळं जुळतंय. तरी आत्ताच का सुचलं? विचारलं नाही. विचारलं की रद्द करतील.

१३ नोव्हें., रवि.
विद्याला मेहरूणला तिच्या आजीकडे, माझ्या आईकडे सोडलं. रुसली. शंख आणीन म्हटलं तेव्हा हसली. शाळेतल्या बायांना सांगितलं तर कुलकर्णीबाई म्हणाल्या, "तिथे लोक कपड्यांशिवाय फिरतात म्हणे!" मी शिवण शिकवते, त्यामुळे कपडे नसलेल्या माणसांबद्दल मला काय कळणार. पण बघायचं आहे. तेही बघायचं आहे.
सोबत: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुईदोरा, सेफ्टी पिना भरपूर.

१४ नोव्हें., सोम., पुणे स्टँड
जळगावहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. ह्यांना प्रवासी म्हणून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. बसवत नाही. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की ह्यांचा पाय दाबतो. औरंगाबादपर्यंत सतत चालू: आता गिअर टाकायला हवा होता, हा वळण उशिरा घेतो, ह्याला कोणी शिकवलं. मागच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "भाऊ, तुम्हीच चालवा ना!" सगळी बस हसली.
पुणं जवळ येताना दिवस मावळला, समोरून गाड्यांचे दिवे सुरू झाले आणि हे गप्पच झाले. डोळे मिटून बसले. दमले असतील.
आता गोव्याची बस. लिहिता येत नाही, माणसं फार.

१५ नोव्हें., मंगळ., कळंगुट
म्हापशाला सकाळी उतरलो. तिथून छोटी बस. कंडक्टर दाराला लोंबकळून ओरडतो, "कळंगुट कळंगुट कळंगुट!" आणि माणसं कोंबतो. माझ्या मांडीवर कुणाचीतरी परडी, परडीत कोंबडी. बाई म्हणाली, "खंय वतात?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. अर्थ लागला तेव्हा बाई उतरून गेली होती. कुठे जाता, एवढंच विचारत होती. आमच्या घरी हे म्हणतात "कथा चालनी?" दोन्हीकडे शाळेतलं मराठी काही कामाचं नाही.
खोली मिळाली. मार्थाबाई म्हणून एक साठीची बाई, फ्रॉक घालते, घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने देते. सून लीना सरकारी दवाखान्यात नर्स. मा.बाईंच्या फ्रॉकची कळी मी बघतच राहिले. हाताने शिवलेली, टीप एकसारखी. विचारलं, तर स्वतःच शिवते म्हणाली. लगेच मैत्री.
मग समुद्र.
काय लिहू. मोठा आहे, एवढंच माहीत होतं. आवाज असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. थांबतच नाही तो आवाज. हे पायजमा वर करून उभे राहिले. म्हणाले, "याना पलीकडे काय शे?" मी म्हटलं, "आफ्रिका." म्हणाले, "रस्ता नही ना पन."

१६ नोव्हें., बुध.
सकाळी सायकलवर पाववाला येतो, भोंगा वाजवतो. पाव गरम. दशम्या संपल्या तरी चालेल.
किनाऱ्यावर कोळी रापण ओढत होते. लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांना माणसांची रांग, सगळे एका तालात मागे मागे सरकतात. एका गोऱ्या बाईने दोर धरला, मग मीही धरला. हात सोलवटले. जाळ्यात चांदीसारखं काहीतरी उडत होतं. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही, पण मी वाकून वाकून बघत होते. एक म्हातारा जाळं सांधत बसला होता, त्याच्याकडून गाठ शिकले. आमच्या काजाच्या टाक्याची लांबची बहीण आहे. शाळेत दाखवीन.
गोऱ्या लोकांबद्दल: कुलकर्णीबाई बऱ्याच अंशी बरोबर. आधी मान वळवली. मग वळवली नाही. मग सवय झाली. एक बाई माझ्या नऊवारीतल्या आजीएवढी असेल, उताणी पडून पुस्तक वाचत होती. लाज वाटायच्या ऐवजी मला वाटलं, हिला घरी कोण विचारत असेल, एवढा वेळ कुठे होतीस म्हणून?
संध्याकाळी फिरू म्हटलं, तर हे खोलीतच. "पाय दुखतात."

१७ नोव्हें., गुरु.
पणजी. आधी कळेना जायचं कसं. मा.बाई म्हणाली, पायलट घ्या. मी दचकले. पायलट म्हणजे इथे मोटारसायकलवाला. पिवळा मडगार्ड असलेली मोटारसायकल, मागे बसायचं, तो सोडतो. रिक्षासारखंच, फक्त रिक्षा नाही.
दोन पायलट केले. एकावर हे, एकावर मी. परक्या माणसामागे! जळगावात कुणी पाहिलं असतं तर… माझा पायलट पोक्त माणूस, नाव बाबलो. म्हणाला, "बसात बाय, भियेनाकात." घाबरू नका, असंच असणार. एका बाजूला बसले, सीटखालची कडी घट्ट धरली. नारळीतून रस्ता, मधेच पांढरं चर्च, मधेच भात कापलेली शेतं. भीती बेतीमच्या फेरीधक्क्याला पोचेपर्यंत कुठे गेली ते कळलं नाही. हे मात्र उतरले ते घामाघूम. दुसऱ्याच्या हातात हँडल असलं की ह्यांना असंच होतं.
नदीवरचा पूल पडलेला आहे. मधला तुकडाच नाही. त्यामुळे सगळं फेरीबोटीतून. माणसं, सायकली, मोटारी, एक बैलसुद्धा. लोखंडी जीभ खाली टाकतात आणि सगळे एकदम धावतात. मला इतकं आवडलं की पलीकडे जाऊन परत आलो आणि पुन्हा गेलो. हे म्हणाले, "येडी व्हयनी का तू?" पण हसत होते.
परत येताना ह्यांची घाई. चार वाजल्यापासून "चाल, चाल." बाजार राहिलाच.

१८ नोव्हें., शुक्र.
म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. हे पहिल्यांदा खुशीत. कारण केळी! इथे मोयऱ्याची म्हणून एक जात, हातभर लांब, जाड. ह्यांनी घड उचलून वजन पाहिलं, देठ पाहिला, साल नखाने टोकरली. विकणारीला विचारतात, पाणी किती देता, खोड कधी कापता. तिला वाटलं घासाघीस करतोय, ती चिडली. शेवटी एक केळं घेतलं, अर्धं अर्धं खाल्लं. हे बराच वेळ चघळत राहिले. "आपली गोड शेतस," म्हणाले. "पन ही प्रवास चांगला करी." म्हणजे मोठीच पावती.
दुपारी मा.बाईच्या शेजाऱ्याची स्कूटर भाड्याने घेतली. म्हणाले, मी असताना पायलट कशाला. काय चालवतात! ट्रकवाल्याच्या हातात स्कूटर म्हणजे खेळणं. बागापर्यंत गेलो, तिथे नदी समुद्राला मिळते, ओहोटीला गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. गेलो. साडी ओली. पलीकडे काहीच नाही, दगड आणि खेकडे. तरी बरं वाटलं. लग्नानंतर ह्यांच्या मागे अशी बसले नव्हते कधी.
पाचच्या आत खोलीवर.

१९ नोव्हें., शनि.
आधी चिखलाची साडी धुतली, आता लिहिते.
आग्वादचा किल्ला पाहिला. खाली चोहीकडे पाणी. हे साडेचारपासून निघायचं म्हणत होते. मी हट्ट धरला, सूर्यास्त बघूनच जाऊ, एवढ्या लांब आलो ते कशासाठी. सगळे थांबले होते. थांबलो. सूर्य बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी वाजवल्या नाहीत, स्कूटर चालू करून उभे.
उतारानंतर नारळीचा रस्ता. दिवा लावलेला. ह्यांचा वेग इतका कमी की सायकलवाले पुढे जात होते. मला हसू आलं होतं, बोललेसुद्धा काहीतरी. समोर रस्त्याच्या कडेने एक कोळीण, डोक्यावर टोपली, आमच्याकडे पाठ. मला चांगली पंचवीस पावलांवरून दिसली. लुगड्याचा रंगसुद्धा दिसला. वाटलं, आता हे बाजूला घेतील. घेतलं नाही. सरळ तिच्यावर. मी किंचाळले. हँडल वळलं, टोपलीला धक्का, आम्ही खाली शेतात.
चिखल होता म्हणून वाचलो. बाईचं कोपर खरचटलं. मासे रस्ताभर. ती काय काय बोलली ते न कळूनही कळलं. मी मासे वेचू लागले. पहिल्यांदा हातात धरले, गार आणि निसरडे. वेचता वेचता रडत होते. ती थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, "रडू नाका गो." आणि उरलेले स्वतः वेचले. कोपरावर माझा रुमाल बांधून दिला.
हे शेतातच उभे. हात पुढे करून. बांध कुठे आहे ते पायाने चाचपत.
तेव्हा कळलं.
स्कूटर ढकलत आलो. मी हँडल धरलेलं, हे मागे सीटला धरून. सगळ्या वाटेत एकच वाक्य: "दिवा मंद शे गाडीना." दिवा मंद नव्हता.
खोलीवर व्हरांड्यात अंधुक उजेड होता. पाण्याचा तांब्या पुढे केला. हात दुसरीकडेच गेला.

२० नोव्हें., रवि.
सकाळी चर्चची घंटा. मा.बाई, लीना नटून गेल्या. आम्ही दोघं वाळूवर. मीच सुरुवात केली. कधीपासून?
आधी, "माले बठ्ठं दिखस." सगळं दिसतं म्हणे. मग समुद्राकडे बघत हळूहळू.
वर्ष झालं. दिवसा काही नाही. दिवस कलला की कडा जातात, मग मधलंही जातं. समोरून दिवा आला की नुसतं पांढरं. सलीमभाईंना माहीत होतं. संध्याकाळी ढाब्यावर चहा प्यायचे, मग स्टिअरिंग सलीमभाईंकडे, उजाडलं की ह्यांच्याकडे. कुणाला कळलं नाही. सलीमभाईंनी काम सोडलं ते खरं तर ह्यामुळेच. ह्यांना म्हणाले होते, नाना, मी झोपतो कधी? डॉक्टरकडे जा.
"मग गेलात का नाही?" मी विचारलं.
"गेलो तर तो गाडी सोड सांगी दी ना."
मी विचारलं, आणि गोवा? हे गोवा कसं सुचलं मग?
वाळूत बोटाने रेघ ओढत बसले. मग म्हणाले, वाटलं, रोजचा तो रस्ताच डोक्यात बसलाय, ट्रकची ती काच, तो धूर. दुसऱ्या गावाला जाऊन पाहू. जागा बदलली की दिसेल.
मला राग यायला हवा होता. त्या कोळणीच्या जागी कोणीही… केळी भरली की ट्रक रात्रीच पळवतात. रात्रभर. राग आला पण. खूप आला. बोलले की तुम्ही कुणाचा तरी जीव घ्याल. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "माले माहीत शे." मग राग कुठे ठेवावा ते कळेना.
दुपारी लीनाला सांगितलं. ती नर्स आहे. म्हणाली, जीवनसत्त्व कमी असेल तर सुधारतं, डोळ्याच्या पडद्याचं असेल तर अवघड. न बघता कुणी सांगू शकणार नाही. मोठ्या डॉक्टरला दाखवा, लपवू नका.
अजून तीन दिवस हातात. परत जाऊ का? हे म्हणाले, नको. आलोय तर राहू.

२१ नोव्हें., सोम.
सकाळी लीनाची मोपेड अंगणात उभी. तिची आज सुट्टी. मी नुसती बघत होते, वेग कुठून द्यायचा, ब्रेक कुठला. ती म्हणाली, "शिकता?" मी म्हटलं, मी सायकल चालवते, शाळेत सायकलनेच जाते. "मग काय, पॅडल मारायचं आणि सोडून द्यायचं!"
चर्चमागच्या मैदानावर गेलो. साडीचा प्रश्न. निऱ्या पायघोळ, चेनमध्ये जातील. मी निऱ्या अर्ध्यात दुमडल्या, आतून धावदोरा घातला, वर पिना. मा.बाई बघायला खुर्ची घेऊन आली.
पहिल्यांदा कुंपणात. दुसऱ्यांदा मा.बाईच्या खुर्चीकडे, ती उठून पळाली. हे लांब नारळीला टेकून उभे होते. मला वाटलं, नाही म्हणतील. जवळ आले. "पुढे दख, चाकाकडे नको. जथा जानं शे तथा दखानं." मग सगळा दिवस तेच सांगत होते: वळायच्या आधी हळू कर, वळताना नाही. कान उघडे ठेव. मागून येणाऱ्याचा आवाज ओळख. एवढं बोलणं त्यांनी वर्षभरात माझ्याशी केलं नसेल.
दुपारपर्यंत मैदानाला फेऱ्या. एकटी. वारा कानात. लीना ओरडली, "ब्रेकवरचा हात सोडा ना!" सोडला. आई गं, काय वाटलं ते.

२२ नोव्हें., मंगळ.
लीना ड्युटीवर बसने गेली, मोपेड आमच्याकडे ठेवून. मा.बाईला आम्ही कोण? सात दिवसांचे भाडेकरू. तरी.
ह्यांना मागे बसवून निघाले. हे अवघडलेले, हात कुठे ठेवावा कळेना. शेवटी माझ्या खांद्यावर. समोरून येणारे पायलट हसत होते. बाबलोने हॉर्न वाजवून सलाम केला.
रस्ता चुकले. म्हणजे मुद्दामच. जिथे फाटा दिसेल तिथे वळायचं असं ठरवलं. एका वाडीत मीठ पिकवतात, पांढरे ढीग. एका घरापुढे म्हातारी काजू भाजत होती, चार हातावर ठेवले. एका ठिकाणी रस्ता संपून खाडीच, होडीवाला म्हणाला, गाडीसकट नेतो. नेली! मी होडीत मोपेड धरून, हे मला धरून. पलीकडचं गाव कुठलं ते अजून माहीत नाही. विचारायचं राहिलं.
परतताना उजेड कमी होऊ लागला तसे ह्यांचे हात खांद्यावर घट्ट झाले. मी सांगत गेले. उजवीकडे विहीर. कुत्रं. दोन पोरी दप्तर घेऊन. समोर बस, थांबलेय. खड्डा. ते फक्त हूं म्हणत होते. खोलीवर आल्यावर म्हणाले, "चांगलं सांगस तू." थोड्या वेळाने, "सलीमपेक्षा चांगलं."

२४ नोव्हें., गुरु., जळगाव
काल निघालो, आज पोचलो. मा.बाईने निघताना फ्रॉकचा कागदी नमुना कापून दिला. मी तिला जाळ्याच्या गाठीची जाळीदार झालर करून दिली. दोघी रडलो, उगाच.
विद्याला शंख. कानाला लावून बसली आहे.
इथली हवा कोरडी लागते. रस्ते रुंद वाटतात.

२६ नोव्हें., शनि.
डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे हे स्वतः आले, मी फक्त आदल्या दिवशी नंबर लावला. थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बॅटरीने पाहिलं. पडद्याचं दुखणं वाटतंय म्हणाले. मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवा, तिथली तपासणी झाल्याशिवाय पक्कं सांगत नाही. तोवर दिवस कलल्यावर गाडी अजिबात नको. "काय करता आपण?" ह्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
बाहेर आल्यावर हे म्हणाले, "डाक्टरले काय, तो खुर्चीवर बशेल शे." जिना मात्र कठडा धरून उतरले. थेंबांमुळे असेल.
घरी आलो तर शेठचा माणूस बसलेला. ट्रक गॅरेजातून आला. उद्या संध्याकाळी सावद्याला भरणं, गाडी दिल्लीकडे. नवा जोडीदार अजून मिळाला नाही, ह्या खेपेला नाना एकटेच काढतील ना? हे म्हणाले, उद्या येऊन बोलतो.
काय बोलणार? विचारलं. "तथा गयावर दखसूत." तिथे गेल्यावर बघू म्हणे.
मी म्हटलं, मी येऊ? नको म्हणाले.

२७ नोव्हें., रवि.
सकाळच्या बसने सावद्याला गेले. सांगून गेले, उजेड आहे तोवर येतो. दारातून एकदा वळून पाहिलं, मग चप्पल घालून सरळ.
खेपेचं घोंगडं खुंटीवरच आहे. पण ते काय, शेठच्या गोडाऊनला दहा घोंगडी असतात. लायसन नेहमीच खिशात.
दुपारी ब्लाउज शिवायला घेतला, एक टीप सरळ आली नाही. विद्या विचारते, बाबा आज जाणार का दिल्लीला? माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. शेठ माणूस चांगला, दिवसाचं काम देईल, केळी मोजायला, भरणं बघायला ठेवून घेईल, असं मनात घोळवते. मग वाटतं, ह्यांनी तोंडच उघडलं नाही तर. स्टिअरिंग दिसलं की माणूस काय करेल, हे मला गोव्यापूर्वी माहीत होतं असं वाटायचं. आता वाटत नाही.
ऊन भिंतीवरून उतरलं. सावद्याची बस ह्याच सुमाराला नाक्यावर येते. तिथे म्युनिसिपालटीचा दिवा महिनाभर बंद आहे. बसमधून उतरणारे सगळे अंधारातच उतरतात. मी तिथे जाऊन उभी राहणार आहे. उतरले तर त्यांना मी दिसणार नाही, तेव्हा हाक मारावी लागेल. "अहो" म्हटलं तर दहा माणसं वळून बघतील. म्हणजे नावानेच. आजपर्यंत एकदाही घेतलेलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच.
विद्याला कडी लावून घ्यायला सांगितलंय. निघते.